कॅमेरा तोच, नाव वेगळं

"नाव काय?" मी सांगितलं, आणि समोरच्याचा सूरच बदलला.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा ऑफिसातला मित्र जुन्या जालन्यात फोटो काढत फिरत होतो. काली मशीद, मोती तलाव वगैरे. परतताना एका सरकारी इमारतीसमोर, सार्वजनिक रस्त्यावर, गणवेशातल्या एकाने अडवलं. दोघांच्याही गळ्यात कॅमेरे, तेही एकाच कंपनीचे. मित्राने नाव सांगितलं, त्याला "बरं" म्हणून सोडलं. मला मात्र गाव, मोहल्ला, वडिलांचं नाव, "फोटो कुणाला पाठवतो?" आणि शेवटी हुकूम: "सगळे डिलीट कर."

मी केले. इंजिनिअरिंगची पदवी त्या वेळी कामाला आली नाही, घाबरलो.

ती कामाला आली रात्री. फोटो डिलीट केला की मेमरी कार्डवरची त्याची नोंद पुसली जाते; त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो बहुधा तिथेच असतो. एका फुकट सॉफ्टवेअरने ते परत मिळाले. म्हणजे मी खरोखर घातपाती असतो, तर त्या हुकमाने माझं काहीच अडलं नसतं. झाला तो फक्त अपमान.

सुरक्षा नको, असं आम्ही कधीच म्हटलं नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये याच जालन्यात कादरिया मशिदीवर बॉम्ब फेकले गेले. बॉम्ब म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण टेहळणी करणारा कसा असतो, तेही मुंबईने पाहिलंय. दाऊद गिलानीने २००६ मध्ये अमेरिकेत नाव बदलून डेव्हिड हेडली करून घेतलं. हेतू एकच, नावावरून संशय येऊ नये. मग ताज हॉटेलसह अनेक ठिकाणांचं चित्रीकरण करत तो निवांत फिरला. २६/११ नंतर, २००९ मध्ये, तो पुन्हा भारतात येऊन गेला. नाव विचारून संशय घेणाऱ्या नजरेचा फायदा झाला तो त्यालाच.

आता कायदा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे, इंग्रजांचा. त्यात 'प्रतिबंधित ठिकाण' कोणतं, याची व्याख्या आहे. पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथलं चित्रीकरण या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या प्रकरणात सांगितलं. ठाण्याची ही गत, तर रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीत कोणतं गुपित आहे? दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला पोलिसांनाच सांगतं, शक्यतो मोबाइलवर. त्यांच्या हातातला कॅमेरा पुरावा आणि आमच्या हातातला कट?

आपल्याच जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी आठवा. १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमाराची मोबाइलवरची दृश्यं राज्यभर पोचली. काही दिवसांत तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. ती दृश्यं कुणी जागेवरच डिलीट करायला लावली असती तर?

बंदी असेल तर पाटी लावा आणि कोणत्या कायद्याखाली आहे ते लिहा. कॅमेरा जप्त करायचाय तर रीतसर पंचनामा करा. फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार कोणत्या कलमात आहे, ते दाखवा. आणि प्रश्न विचारायचेच असतील तर दोघांनाही तेच विचारा.

अब्बू म्हणतात, "बेटा, कॅमेरा घरीच ठेव." त्यांचा काळ त्यांना हेच शिकवून गेला, त्यांना दोष देत नाही. पुढच्या रविवारी मस्तगडचे फोटो काढायचे आहेत. बॅगेत त्या निकालाची प्रिंट ठेवली आहे.