व्हॉल्व्ह सीलची हत्यारे : आधी निदान, मग खरेदी

घराच्या ओट्यावर, गल्लीच्या तोंडाशी किंवा पत्र्याच्या छोट्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करून संसार चालवणारे कारागीर आपल्या वस्त्यांतून पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे वरचेवर येणारी एक तक्रार म्हणजे, "सकाळी गाडी चालू केली की निळा धूर येतो." बहुतेक वेळा बोट व्हॉल्व्ह सीलकडे दाखवले जाते आणि हे काम घरच्या घरी करता येईल असा विचार सुरू होतो. विचार योग्यच आहे. मात्र बाजारात गेल्यावर चकचकीत पेटीतील वीस-पंचवीस नगांचा संच समोर येतो आणि कष्टाची कमाई अशा वस्तूंवर जाते की ज्यांतील निम्म्या कधी पेटीबाहेर निघत नाहीत. या कामासाठी चांगल्या प्रतीची तीनच हत्यारे विकत घ्यावीत आणि बाकीची हाताने बनवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिले हत्यार कंप्रेशन गेज. सील बदलण्यात याचा थेट उपयोग नाही, म्हणूनच ते कोणी घेत नाही. पण धूर सीलमुळे आहे की रिंगांमुळे, हे कळल्याशिवाय इंजिनला हात लावणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. रात्रभर उभी गाडी चालू करताच निळा धूर येतो व थोड्या वेळात थांबतो, किंवा उतारावर पाय उचलून परत दाबला की धुराचा लोट निघतो, तेव्हा संशय सील आणि गाइडवर घ्यावा. चढावर, ओझ्याखाली धूर सतत राहत असेल तर रिंगा पाहाव्यात. गेज लावून सर्व सिलिंडरचे आकडे लिहून घ्यावेत. आकडा कमी आल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा एकदम चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा असतो. अशा इंजिनला नवे सील घालून ग्राहकाकडून पैसे घेतले, तर महिनाभरात तो धूर घेऊनच दारात उभा राहतो. गेजची किंमत एका अशा फुकट गेलेल्या कामातच वसूल होते. ब्रीदरची नळी तुंबली तरी इंजिन ऑइल खाते. ती साफ करायला तर एक पैसाही लागत नाही, म्हणून ते काम सर्वांत आधी करावे.

दुसरे हत्यार स्प्रिंग दाबण्याचा कंप्रेसर. याची निवड इंजिन पाहूनच करावी. स्प्लेंडरसारख्या 97.2 सीसीच्या मोटरसायकलला दोनच व्हॉल्व्ह असतात. तिचे हेड उतरवून टेबलावर घ्यावे. इथे सी आकाराचा शिकंजा उत्तम, पण मोटारगाडीच्या शिकंज्याची वाटी लहान स्प्रिंगवर बसत नाही, म्हणून छोटी वाटी सोबत मिळते का ते विचारून घ्यावे. मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरच्या, 796 सीसीच्या जुन्या रॉकर इंजिनमध्ये हेड न उतरवता काम होऊ शकते. तिथे दांड्याने दाबण्याचा प्रकार लागतो. के-सीरिजच्या इंजिनांत मात्र वर दोन कॅमशाफ्ट आणि खोल खळग्यात बकेट टॅपेट असतात. तिथे खिडकी पाडलेली अरुंद वाटी नसेल तर कॉटरपर्यंत बोटच पोचत नाही. चार सिलिंडरला सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे बत्तीस कॉटर. चुकीच्या हत्याराने हे काम करणाऱ्याचा दिवस एका सिलिंडरवरच मावळतो. म्हणून "सर्व गाड्यांना चालणारा" संच घेण्यापेक्षा ज्या गाड्या आपल्या दारात जास्त येतात, त्यांना बसणारा एक मजबूत कंप्रेसर घ्यावा. नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना रिटेनर आणि स्प्रिंग खिशात ठेवावी आणि दुकानातच माप लावून पाहावे. पातळ पत्र्याचा शिकंजा दाबाखाली वाकतो आणि सुटलेली स्प्रिंग डोळ्याला क्षमा करीत नाही. चष्म्याचा खर्च हत्याराच्याच खर्चात धरावा.

हेड जागेवर असताना व्हॉल्व्ह खाली पडू नये म्हणून काय करावे, यावर कारागिरांत नेहमी वाद होतो. एक रीत हवेची. प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून 5 ते 7 किलोचा दाब सोडतात. यासाठी टाकी असलेला मोठा कंप्रेसर लागतो, टायर भरण्याचा छोटा पंप पुरत नाही. शिवाय 68.5 मिलीमीटर बोअरच्या पिस्टनवर 6 किलो दाबाने 220 किलोंहून अधिक जोर येतो. पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर क्रँक फिरते आणि त्यावर राहिलेला पाना हात मोडतो. वीज गेली आणि हवा उतरली, तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो व हेड खोलावेच लागते. दुसरी रीत दोरीची. पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून नायलॉनची स्वच्छ दोरी आत भरावी, तिचे टोक बाहेर राहू द्यावे आणि क्रँक हाताने हळू फिरवून दोरीचा गादीसारखा टेकू व्हॉल्व्हखाली आणावा. सुती दोरीचे धागे तुटून आत राहतात, ती वापरू नये. रॉकरच्या इंजिनसाठी घरच्या कारागिराने दोरीच पत्करावी, असे आमचे मत आहे. कॅम उतरवलेल्या चेनच्या इंजिनमध्ये ढिल्या चेनसह क्रँक फिरवणे धोक्याचे असते. तिथे हवेची सोय नसेल तर ते काम सोय असलेल्या गॅरेजला द्यावे. यात कमीपणा नाही.

तिसरे हत्यार छोटा टॉर्क पाना. बरेच जण अर्धा इंची मोठा पाना घेतात आणि तो सर्वत्र चालवतात. कॅमच्या टोप्यांचे सहा मिलीमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचे असतात आणि मोठ्या पान्याचा आकडाच पुष्कळदा 40 च्या पुढे सुरू होतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये एक आटा गेला, तर सीलच्या मजुरीत तो भरून निघत नाही. म्हणून 5 ते 25 न्यूटन-मीटरचा पाना घ्यावा, गाडीच्या पुस्तकातील आकडा पाहून वापरावा आणि बोल्ट खोलण्यासाठी तो कधीही वापरू नये.

बाकीचे घरात होते. जुना सील काढायला पकड मिळते, पण नाकदार पक्कडने पिळून तो निघतो. फक्त गाइडवर ओरखडा पडू देऊ नये. नवा सील बसवायला मापाचा खोल सॉकेट किंवा तोंड घासून गुळगुळीत केलेली नळी पुरते. ती सीलच्या ओठावर न टेकता कडेवर टेकली पाहिजे. व्हॉल्व्हच्या खाचेने नव्या सीलचा ओठ कापला जातो, म्हणून टोकावर प्लॅस्टिकची टोपी घालून तेल लावावे. स्प्रिंग दाबण्यापूर्वी रिटेनरवर सॉकेट ठेवून हलका ठोका दिला की चिकटलेले कॉटर सुटतात. तेल परतीची भोके फडक्याने बंद करावीत, कारण खाली पडलेला एक कॉटर ऑइल पॅन उतरवायला लावतो. बसवताना कॉटरला थोडे ग्रीस लावले की तो जागा सोडत नाही. स्प्रिंग निघाल्यावर व्हॉल्व्ह आडवा हलवून पाहावा. खेळ जास्त असेल तर गाइड झिजला आहे आणि नवा सीलही टिकणार नाही. ते ग्राहकाला तिथल्या तिथे दाखवावे.

हत्यारात वाचवलेला पैसा सीलमध्ये वाचवू नये. नायट्रिलचा सील उष्णतेने लवकर कडक होतो. व्हायटनचा सील सुमारे 200 अंशांपर्यंत टिकतो. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असतात, तेही पाहून घ्यावे.

कोणी म्हणेल, आमच्या उस्तादांनी पेचकस आणि हातोडीवर आयुष्य काढले. उस्तादांच्या हाताला सलाम. पण त्यांच्यापुढची इंजिने वेगळी होती. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांत जळलेले ऑइल केवळ धूर करत नाही, तर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करते. अंदाजाने केलेल्या कामाची किंमत त्यामुळे वाढली आहे.

एकट्याला तिन्ही हत्यारे झेपत नसतील तर गल्लीतील तीन-चार कारागिरांनी मिळून घ्यावीत, आळीपाळीने वापरावीत आणि मोडल्यास खर्च कोणी द्यायचा हे आधीच लिहून ठेवावे. हप्त्यावर घेतलेली भरलेली पेटी कारागिराला बांधून टाकते. रोख घेतलेली तीन हत्यारे त्याला कमावून देतात. रिक्षावाल्याचा एक दिवस बुडाला तर त्याच्या घरची चूल अडते. त्याची गाडी आपल्या ओट्यावर अमानत म्हणून उभी असते. दोष रिंगांचा आहे, सील बदलू नका, असे सांगून आजची मजुरी सोडणारा मिस्त्री उद्या त्याच रिक्षावाल्याच्या सगळ्या स्टँडचा मिस्त्री होतो.