अंगठे दोन, कामं चार

गणपतीत आमच्या निलंग्यात बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा झाली. माझा भाचा खेळायला बसला, तेव्हा संयोजकांपैकी एका गृहस्थांनी त्याच्या फोनच्या वरच्या कडेला लावलेले दोन ट्रिगर काढून टेबलावर ठेवायला लावले. नियम आधी कुणालाच सांगितला नव्हता. पोरानं मुकाट्यानं काढून ठेवले, खेळला आणि लवकरच बाद झाला. हरला याचं मला काही वाटत नाही. पण बक्षीस वाटताना त्याच गृहस्थांनी माइकवरून जे सुनावलं, त्याला उत्तर दिल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

त्यांचं म्हणणं असं: बोटं देवानं दिली, फोन कंपनीनं दिला, त्यात जमेल त्यानं खेळावं. वरून काही जोडणं ही कुबडी आहे. ज्याच्या बापाकडं पैसा तो जोडणार आणि गरिबाचं पोरगं मागं पडणार. ट्रिगर म्हणजे चीटिंग. ज्याला दोन अंगठ्यांत खेळातला कॅमेरा सांभाळता येत नाही, तो खेळाडूच नाही. यावर टाळ्या पडल्या.

चीटिंगचं आधी निकालात काढतो. भाच्याचा ट्रिगर म्हणजे फोनच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी प्लास्टिकची पट्टी. बोटानं दाबली की तिचं टोक पडद्याला टेकतं. आत बॅटरी नाही, चिप नाही. एकदा दाबलं की पडद्याला एकदाच स्पर्श होतो. एका दाबात दहा गोळ्या सोडणारे बॅटरीचे ट्रिगरही बाजारात मिळतात. त्यांना बंदी घाला, मी स्वतः दारात उभा राहून तपासीन. पण दोन्हींना एकाच माळेत ओवणं म्हणजे न बघता निकाल देणं.

आता गरिबाच्या कैवाराचं. महागड्या फोनमध्ये जायरोस्कोप असतो. फोन जरासा तिरका केला की नेम सरकतो, अंगठ्याचं काम हलकं होतं. स्वस्तातल्या कित्येक फोनमध्ये तो नसतोच. त्या स्पर्धेत जायरो चालत होता, कारण तो फोनच्या पोटात होता आणि कुणाला दिसत नव्हता. शंभर-दीडशे रुपयांचा ट्रिगर वर दिसत होता, म्हणून तो निघाला. गरिबाच्या नावानं केलेला हा नियम गरिबाच्याच हातावर बसला.

देवानं दिलेल्या बोटांचा वाद तर आमच्या भागाला जुना आहे. ट्रॅक्टरमागं पेरणीयंत्र जोडून सोयाबीन पेरायला लागले, तेव्हा पारावर हेच ऐकलं होतं. चाड्यावर मूठ धरून तिफणीनं पेरतो तोच खरा शेतकरी, बाकीचे नुसते ड्रायव्हर. मूठ धरणं ही कला होती आणि आहे, तिच्यापुढं मी आजही हात जोडतो. पण पेरणी साधते ती वापसा ओळखण्यावर, बी किती खोल पडलं यावर. हे ज्याला कळतं त्याच्या मागं कोणतंही अवजार जोडा, तो शेतकरीच राहतो. ज्याला कळत नाही, त्याला तिफणही वाचवत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. “कंपनीनं दिलं तेवढं पुरे” हे वाक्य ज्या विश्वासानं बोललं गेलं, तो विश्वास मला खटकतो. हातात धरून खेळायच्या ॲक्शन गेमचा इतिहास नेमकं उलटं सांगतो. कॅमेरा म्हणजे खेळाडूची मान. शत्रू मागून आला तर मान वळवावी लागते, आणि त्याच क्षणी पळावंही लागतं, वारही करावा लागतो. कंपन्यांनी हातातली यंत्रं बनवताना पाय दिले, हात दिले आणि मान द्यायला विसरल्या.

सोनीचा पीएसपी 2004 च्या डिसेंबरात जपानमध्ये निघाला. त्याला चालण्यासाठी एकच चकती होती, तीही डाव्या हाताला, चार बाणांच्या बटणांच्या खाली. त्यावर मॉन्स्टर हंटर आला. त्या खेळात अंगावर धावून येणाऱ्या अजस्र प्राण्याभोवती फिरत लढायचं असतं, आणि कॅमेरा ठेवला होता त्या चार बाणांवर. म्हणजे डावा अंगठा एकच, पण त्यानं चकतीही ढकलायची आणि बाणही दाबायचे. एल बटण दाबून कॅमेरा पाठीमागं आणता यायचा, पण बाजूनं येणारं संकट त्यात दिसायचं नाही.

2010 च्या सुमाराला मी पुण्यात शिकत होतो, तेव्हा जुना पीएसपी घेतला होता. अंगठा चकतीवर ठेवून त्याच हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवायची आणि तिच्या टोकानं वरचे बाण दाबायचे, असं मी शिकलो. हात कोंबडीच्या पंज्यासारखा दिसायचा. अर्ध्या तासानं तर्जनीचं मधलं पेर ठणकायला लागायचं, मनगटात कळ यायची, बोट सरळ करायला दुसरा हात लागायचा. मला वाटायचं हा माझाच वेडेपणा. नंतर कळलं की जगभरची पोरं तस्संच धरत होती आणि त्या धरण्याला ‘क्लॉ’ असं नावही पडलं होतं. आज बीजीएमआयमधला चार बोटांचा क्लॉ त्याचाच वंशज आहे. हे कौशल्य होतं का? होतं. पण यंत्रातली उणीव हाडामांसानं भरून काढायचं कौशल्य होतं ते. त्याला खेळाची कसोटी म्हणू नये.

पुढचं ऐका. निंटेंडोनं 2011 च्या फेब्रुवारीत हातात धरायचा थ्रीडीएस काढला, त्यालाही एकच गोल पॅड. त्याच वर्षी 10 डिसेंबरला जपानमध्ये मॉन्स्टर हंटर 3 जी आला आणि त्याच दिवशी कंपनीनं सर्कल पॅड प्रो नावाचं जोडयंत्र 1500 येनला विकायला काढलं. अख्खा थ्रीडीएस त्याच्या खोबणीत बसवायचा, एक छोटा ट्रिपल-ए सेल घालायचा, आणि उजव्या हाताला दुसरा गोल पॅड आणि वरची जादा बटणं मिळायची. यंत्र अवजड झालं, खिशात मावेना. पण मान मिळाली. 2014 मध्ये त्याच कंपनीनं नवा थ्रीडीएस काढला, तेव्हा कॅमेऱ्याची छोटी सी-स्टिक आणि ती जादा बटणं यंत्रातच बसवली. काल ज्याला कुबडी म्हणत होते, ते आज यंत्राचं अंग झालं. कंपनीनं स्वतःच आपली उणीव अशी भरून काढली आहे, तिथं आपण कंपनीचे वकील कशाला व्हायचं?

बीजीएमआयवाले म्हणतील, गोळीचं बटण दाबून तसंच ओढलं की कॅमेराही फिरतो. फिरतो, खरं आहे. पण त्याच वेळी उडी मारायची असेल, वाकायचं असेल, स्कोप उघडायचा असेल, तर तो अंगठा उचलावाच लागतो, आणि उचलला की मान जागच्या जागी थिजते. अंगठे दोन आहेत आणि कामं चार. मे महिन्यात लाईट गेलेली असताना भाचा खेळताना मी बघितलंय. शर्टाला अंगठा पुसायचा, पुन्हा काचेवर ठेवायचा. “मामा, घामानं बोट घसरायलंय,” म्हणायचा. मागं वळून बघायला जावं तर नजर आभाळाकडं जायची.

आणखी एक गोष्ट. त्या स्पर्धेत चार बोटांचा क्लॉ चालला. म्हणजे तर्जनी वाकवून काचेवर दाबली तर ते कौशल्य, आणि तीच तर्जनी सरळ ठेवून कडेच्या पट्टीवर दाबली तर चोरी. बोट तेच, दाब तोच, वेळही तीच. फरक एवढाच की दुसऱ्या रीतीत पेर दुखत नाही आणि पडदा बोटानं झाकला जात नाही. दुखणं हीच पात्रता मानायची असेल तर तसं फलकावर लिहा.

मग माझं म्हणणं काय? जोडयंत्र सक्तीचं होऊ नये, याबाबत मी त्या गृहस्थांच्या बाजूचा आहे. मॉन्स्टर हंटर 3 जीनं ते करून दाखवलं. ज्याला सर्कल पॅड प्रो नको, त्याच्यासाठी खालच्या पडद्यावर कॅमेऱ्याचे बाण दिले, आणि एक बटण दाबलं की कॅमेरा थेट त्या प्राण्याकडं वळेल अशी सोय दिली. उणीव खेळाच्या आतही भरली आणि बाहेरूनही, निवड खेळणाऱ्यावर सोडली. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये कंट्रोलर जोडणाऱ्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घालतात, तोही सरळ मार्ग आहे. ज्याच्या हाताला व्यंग आहे, एखादं बोट कामात गेलं आहे, त्याच्यासाठी जोडयंत्र ही हौस नसून खेळात येण्याचं दार आहे.

म्हणून पुढच्या गणपतीसाठी माझी मागणी साधी आहे. काय चालेल ते आठ दिवस आधी मंडपाच्या फलकावर लिहा. एका दाबाला एकच स्पर्श देणारं साधन चालू द्या, आपोआप गोळ्या झाडणारं बाहेर ठेवा. जायरो चालत असेल तर ट्रिगरही चालू द्या. आणि एखादं पोरगं हरलं तर त्याला हरलेला म्हणा, चोर म्हणू नका. माइकवरून उच्चारलेला ‘चीटिंग’ हा शब्द गावात फार दिवस राहतो, आणि भाचा अजून त्या गल्लीनं जायचं टाळतो.