एल्मायराचा उन्हाळा

मंडळाची उन्हाळी सहल यंदा हार्टफर्डच्या बेसबॉल मैदानावर गेली होती, आणि सामना सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी काहीजण कठड्याला टेकून यार्ड गोट्स संघाच्या एका तरुण पिचरचा सराव पाहत होते. कॅचरच्या चामडी मोज्यात चेंडू शिरताना जो कोरडा, घट्ट आवाज उमटतो तो दूरदर्शनच्या पडद्यावरून तसा कधी कानी पडत नाही. तो ऐकताच आयुष्यभर क्रिकेटवर पोसलेली आमची ज्येष्ठ मंडळीही बोलता बोलता थांबली. हा संघ डबल-ए श्रेणीचा, म्हणजे मुख्य लीगपासून दोन पायऱ्या खालचा; आणि या श्रेणीत खेळणाऱ्या पुष्कळांच्या नशिबी त्या दोन पायऱ्या कधीच येत नाहीत, हे मनात ठेवून पाहिले की त्या आवाजाला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

परतताना मला आठवण झाली ती तेथून जेमतेम दहा मैलांवरील न्यू ब्रिटनच्या स्टीव्ह डाल्कोव्स्कीची. कुलुपे, बिजागऱ्या आणि हत्यारे घडवणाऱ्या त्या कारखान्यांच्या गावी १९३९ साली एका पोलिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, बेताच्या बांध्याचा हा मुलगा १९५७ साली शाळा संपताच बाल्टिमोर ओरिओल्सच्या करारनाम्यावर सही करून टेनेसीतील किंग्जपोर्ट येथे, त्या काळच्या सर्वांत खालच्या श्रेणीत, रुजू झाला. ज्यांनी त्याचा चेंडू पाहिला त्यांनी तेवढा वेगवान चेंडू पुन्हा पाहिला नाही, असे ते जन्मभर सांगत राहिले. परंतु तो चेंडू कोठे जाईल हे खुद्द डाल्कोव्स्कीलाही ठाऊक नसे. चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले की फलंदाज बॅट न हलवता पहिल्या तळावर चालत जातो; यालाच वॉक म्हणतात. पहिल्याच हंगामात ६२ डावांत त्याने १२१ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले आणि १२९ जणांना असे फुकट चालत पाठविले. १९५८ साली त्याचा वेग मोजण्यासाठी त्याला ॲबर्डीनच्या लष्करी चाचणीकेंद्रात नेले. आदल्याच दिवशी तो सामन्यात चेंडू टाकून दमला होता, पायाखाली पिचरचा उंचवटा नव्हता, आणि यंत्राच्या टप्प्यात चेंडू पडावा म्हणून त्याला कितीतरी वेळ फेकत राहावे लागले. अखेर दप्तरी नोंद झाली ती ताशी ९३.५ मैलांची. ती त्याच्या खऱ्या वेगाची नव्हे, थकव्याची नोंद होती, असे मला वाटते. १९६० साली स्टॉक्टनला १७० डावांत २६२ बाद आणि २६२ वॉक, असा जमाखर्च तंतोतंत जुळला. एवढे नेमके दुर्दैव क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

त्याला सुधारण्याचे उपाय थोडे झाले नाहीत. प्रत्येक प्रशिक्षक नवी तजवीज घेऊन येई, पाय असा टाक, हात तसा वळव, वेग थोडा आवर, असे सांगे, आणि मुलगा निमूटपणे सारे ऐकून घेई. १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्याला अर्ल वीव्हर हा व्यवस्थापक लाभला. खेळाडूंची बुद्धिमापन चाचणी घेतली असता डाल्कोव्स्कीचे गुण फार खाली आले, ही हकीकत पुढे वीव्हरनेच सांगितली. पण त्यावरून त्याने मुलाला मोडीत न काढता, एका वेळी फार सांगितले तर याच्या डोक्यात काहीच उरत नाही, एवढाच बोध घेतला, आणि सूचना वाढविण्याऐवजी काढून घेतल्या. सरळ वेगवान चेंडू आणि स्लायडर हे दोनच प्रकार टाकायचे. फलंदाजाविरुद्ध दोन स्ट्राइक झाले की वीव्हर शिटी वाजवी, आणि ती कानी पडली म्हणजे मात्र अंगातली सारी ताकद लावून फेकायचे. त्या हंगामात १६० डावांत वॉक उतरले ११४ वर, बाद झाले १९२. पाच वर्षे जे कोणी साधले नव्हते ते एका शिटीने साधले, हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते.

पुढचे सांगताना जीव आखडतो. मार्च १९६३ मध्ये, मुख्य संघाच्या उंबरठ्यावर असताना, यांकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्याचे कोपर दुखावले; त्याच दिवशी ओरिओल्सच्या गणवेशासाठी त्याची मापे घेतली होती, असे सांगतात. तो वेग परतला नाही. १९६५ नंतर व्यावसायिक खेळ संपला, कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरी आणि मद्य यांत अनेक वर्षे गेली, आणि १९९४ साली स्मृती हरवत चाललेल्या अवस्थेत तो न्यू ब्रिटनला, बहिणीच्या गावी, परत आला. १९ एप्रिल २०२० रोजी करोनाच्या साथीत, वयाच्या ८०व्या वर्षी, तो गेला. 'बुल डरहॅम' या १९८८च्या चित्रपटातला बेलगाम पिचर त्याच्याच कथांवरून घडला. मुख्य लीगच्या दप्तरात मात्र त्याच्या नावे एकही चेंडू नाही.

या वार्तापत्रात हे लिहिण्याचे कारण आपल्या रविवारच्या मराठी शाळेत आहे. मागच्या वर्षी एक आठ वर्षांचा मुलगा मोठ्या हौसेने धडा वाचायला उभा राहिला. 'माझा आई' म्हणाला, मी दुरुस्त केले; 'ळ'चा 'ल' झाला, मी दुरुस्त केले; पुढच्या ओळीत जोडाक्षर अडखळले, तेही मी दुरुस्त केले. त्याने पुस्तक मिटले, बोट मात्र त्या पानातच ठेवले, आणि तास संपेपर्यंत तो इंग्रजीतसुद्धा बोलला नाही. त्याची आई त्याला न्यायला आली तेव्हा त्याचे बोट अजून तिथेच होते.

सप्टेंबरपासून प्रत्येक तासाला एका मुलाची एकच चूक, आणि तीही त्याचे वाचन पुरते संपल्यावर दाखवावी, अशी सूचना मी शिक्षकवर्गापुढे रीतसर मांडली आहे. काही शिक्षकांना ही शिथिलता वाटते, आणि शुद्ध भाषेविषयीची त्यांची तळमळ मी जाणतो; ऑगस्टच्या सभेत त्यांनी आपले म्हणणे अवश्य मांडावे. तो मुलगा यंदाही वर्गात आहे. पहिल्या रविवारी पहिला धडा त्यालाच वाचायला द्यावा, एवढी माझी विनंती आहे.