पूर्णयोगातून जाम नदी वगळता येत नाही

श्रीअरविंदांचे वाङ्मय वाचण्यासाठी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात काही मंडळी नियमाने एकत्र बसतात, ही आनंदाची गोष्ट होय. अशा बैठकींना आम्हीही जातो. परंतु तेथे अलीकडे जे चालते त्यास पूर्णयोगाचे चिंतन म्हणावे, असे आम्हांस वाटत नाही. झोप, रक्तदाब, मुलांची एकाग्रता यांवरचे तोडगे आणि शेवटी दहा मिनिटांचे मौन! हा व्यक्तिमत्त्वविकासाचा वर्ग झाला. तो अवश्य चालवावा, पण पाटीही तीच लावावी.

कोणी गावचा प्रश्न काढला की ठरलेले उत्तर मिळते : आधी स्वतःला बदला, समाज आपोआप बदलेल. या उत्तरास श्रीअरविंदांच्या चरित्रात आधार सापडत नाही. बडोदे संस्थानात त्यांची नोकरी जमीन-आकारणीच्या खात्यात सुरू झाली. (आम्हां निवृत्त सरकारी नोकरांना हा तपशील विशेष गोड वाटतो.) सुरतेची काँग्रेस डिसेंबर १९०७ मध्ये फुटली आणि लगेच, जानेवारी १९०८ मध्ये, विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने बडोद्यास त्यांना मन निःशब्द करण्याची वाट दाखविली. तीन दिवसांत ती अवस्था साधली. त्यानंतर ते खोलीत बसून राहिले काय? त्याच महिन्यात पुणे, मुंबई, नाशिक करीत ते अमरावतीस व नागपुरास आले आणि जाहीर सभांतून बोलले. त्यांचे मौन त्यांना सभेकडे घेऊन गेले; आमच्या मंडळींचे मौन त्यांना थेट घरी पोहोचविते.

यावर १९१० सालचा दाखला हमखास पुढे येतो. त्या वर्षी ते राजकारण सोडून पाँडिचेरीस गेले, हे खरेच. परंतु १९१४ मध्ये सुरू झालेल्या 'आर्य' मासिकात दिव्य जीवनाच्या प्रकरणांबरोबरच समाजाच्या विकासावर आणि मानवी ऐक्यावर त्यांनी वर्षानुवर्षे लेखमाला चालविल्या. १९४२ मध्ये क्रिप्स योजनेस त्यांनी उघड पाठिंबा दिला. पूर्ण या शब्दातून समाज त्यांनी वगळला नव्हता. तो वगळण्याचे काम त्यांच्या वाचकांनी केले.

आता आपल्या दारातली गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. कित्येक जिवानिशी गेली. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी मानले नाहीत. हा प्रश्न बंदोबस्ताने सुटणारा नाही, कारण दगड उचलणारा हात नवस, गावाची इभ्रत आणि तारुण्याची रग यांनी भारलेला असतो. प्राणशक्तीचे रूपांतर हा जर पूर्णयोगाचा विषय असेल, तर त्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्या ग्रंथात शोधायचे? आणि आम्ही बैठकीत त्याचा उच्चारही करीत नाही. श्रद्धेचा विषय आहे, दुखावतील, असे म्हणतात. श्रद्धेची चिकित्सा टाळायची असेल तर तत्त्वज्ञानाचे मंडळ हवे कशाला? भजनी मंडळे आहेत, आणि ती उत्तम चालतात.

भाषेचेही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण छिंदवाड्याबरोबर इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. या सगळ्या फेरफारात मराठी आपण घरात जपली. चिंतनाच्या बैठकीत मात्र हिंदी सारांशपुस्तिका आणि इंग्रजी शब्दांची फोडणी. वास्तविक 'दिव्य जीवन' मराठीत आणले ते सेनापती बापटांनी, म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या माणसाने! शिवाय जग हा भ्रम नसून चैतन्याचाच विलास आहे, हा विचार ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'मुळे आपल्याला परका नाही. तो ग्रंथ शेजारी ठेवून श्रीअरविंद वाचले, तर सावरगावच्या तरुणालाही त्यात बोलता येईल. आज तो येत नाही, आणि त्याला कोणी बोलावलेलेही नाही. पोळ्याच्या आधीची एक बैठक नदीकाठी, दोन्ही तीरांच्या मुलांसह, मराठीत घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे. ती गेल्या वर्षी दोनदा मांडली. दोन्ही वेळा मौनाची वेळ झाली होती.