एचएसआर लेआउटमधील अदृश्य निवडणूक

बोम्मनहळ्ळी विधानसभा मतदारसंघात २००८ ते २०२३ या काळात झालेल्या चारही निवडणुका भाजपच्या सतीश रेड्डी यांनी जिंकल्या. त्यामुळे बंगळुरूच्या या आग्नेय टोकाच्या राजकारणात फारसे कुतूहल उरलेले नाही, असे राजकीय वर्तुळात मानले जाते. मात्र याच मतदारसंघातील एचएसआर लेआउट आणि त्याच्या कडेच्या जुन्या गावांमध्ये आणखी एक निवडणूक होत असते. तिला पक्ष नाही, चिन्ह नाही, प्रचारसभा नाही. सरकारी शाळेच्या विकास व देखरेख समितीवर पालकांचे प्रतिनिधी निवडण्याची ही निवडणूक बहुतेक वेळा शाळेच्याच एखाद्या वर्गखोलीत, हात वर करून, अर्ध्या तासात उरकते. कर्नाटकात या समितीला ‘एसडीएमसी’ म्हणतात. महाराष्ट्रात तिची बहीण शाळा व्यवस्थापन समिती या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत शालेय मंडळाच्या निवडणुकीवरून गावे दुभंगतात. आपल्याकडे शाळेच्या कारभारासाठी सामान्य पालकाला मत देता येते ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि ते मत कोणाला द्यावे याची चर्चा मात्र कोठेच होत नाही.

ही चर्चा एचएसआर लेआउटमध्येच का व्हावी, याचे कारण या वसाहतीच्या रचनेत आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसविलेली ही सात सेक्टरांची वसाहत आज नवउद्योगांची राजधानी म्हणून मिरवते. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेले मराठी अभियंते येथे मोठ्या संख्येने राहतात. परंतु आगर, हरळुकुंटे, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही गावे या वसाहतीच्या आधीपासून येथे आहेत आणि त्यांच्या अरुंद गल्ल्यांत वसाहतीला चालविणारा वर्ग राहतो. इमारतींचे पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर. कोणी यादगीर-रायचूरहून आलेले, तर कोणी ओडिशा-बंगालमधून. अभियंत्याचे मूल खासगी शाळेच्या पिवळ्या बसमधून जाते आणि पहारेकऱ्याचे मूल चालत सरकारी शाळेत.

ही दरी थोडीफार बुजविण्याची सोय शिक्षणहक्क कायद्यात होती. २००९ च्या या कायद्याच्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांवर पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देण्याचे बंधन घातले. कर्नाटक सरकारने २०१९ च्या प्रवेशांपूर्वी नियम बदलून, शेजारी सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. त्या वर्षीच्या मे महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये हीच वाट धरली, तेव्हा मात्र मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द ठरविली. एकच कायदा, एकच युक्तिवाद आणि दोन उच्च न्यायालयांचे दोन निकाल. त्यातील कायदेशीर बारकावे बाजूला ठेवले तरी राजकीय अर्थ स्पष्ट आहे. कर्नाटक सरकार पहारेकऱ्याला सांगते आहे की, तुझ्या मुलासाठी शेजारी आमची शाळा आहे, तेव्हा त्या पिवळ्या बसकडे पाहू नकोस. मग ती शेजारची शाळा कशी आहे, हे तपासण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो पालक-प्रतिनिधी हा या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा लोकप्रतिनिधी ठरतो. आमदारही त्या बाबतीत त्याच्यानंतर येतो.

हा अधिकार केवळ शोभेचा आहे, अशी समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. एकविसाव्या कलमानुसार समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. मंजूर शिक्षकपदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रिक्त ठेवता येत नाहीत, असे याच कायद्याचे सव्विसावे कलम सांगते. ते रिक्त आहेत की नाहीत हे समितीच्या ठरावात नोंदले गेले, तर गटशिक्षणाधिकाऱ्याला त्याचे उत्तर देणे टाळता येत नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अन्य कामाला जुंपता येत नाही, हेही विचारता येते. माध्यान्ह भोजनातील अंड्यांचेच पाहा. अझीम प्रेमजी फाउंडेशनशी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार आठवड्यातून सहा दिवस अंडी देण्याची योजना आखली गेली. ती मुलांच्या ताटात सहा दिवस पडतात की तीन, हे मंत्रालयातील फायलीला कळत नाही. ज्या बाईचे मूल त्या पंगतीत बसते तिला कळते.

उमेदवार कोणता, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. उरलेले उत्तर महाराष्ट्राच्या अनुभवात आहे, आणि तो अनुभव फारसा अभिमानास्पद नाही. प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या हाती सोपविण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने सुरू झाला. त्यातून आलेली स्कूल बोर्डे आणि पुढे १९४७ च्या कायद्याखालील नगरपालिकांची शिक्षण मंडळे ही कल्पना म्हणून उत्तम होती. परंतु महापालिकांच्या शिक्षण मंडळांतील बहुतेक सदस्य नगरसेवकच निवडून देत, तेही सभागृहातील पक्षबळाच्या प्रमाणात. परिणामी, ज्यांना पालिकेचे तिकीट देता आले नाही त्यांची सोय लावण्याचे ते ठिकाण बनले. पुण्यापासून पिंपरीपर्यंत मंडळांची नावे गणवेश आणि साहित्यखरेदीच्या वादांतच अधिक ऐकू येऊ लागली. २०१३ मध्ये राज्य सरकारने शिक्षण मंडळे मोडीत काढण्याचा कायदा केला, तेव्हा त्यांच्यासाठी अश्रू ढाळणारे मंडळांच्या बाहेर फारसे कोणी नव्हते. शाळेत ज्याचे मूल नाही, त्याच्या हाती शाळेची खरेदी गेली की काय होते, याचा तो धडा होता. शिक्षणहक्क कायद्याने पालकांना तीनचतुर्थांश जागा दिल्या त्या उगाच नव्हेत.

तेव्हा एचएसआर लेआउटच्या कडेच्या शाळेत वॉर्डातील पुढाऱ्याने पाठविलेली नावांची यादी वाचून ‘सर्वसंमतीने’ समिती बनत असेल, तर पालकांनी त्या संमतीला नकार देणे योग्य. त्यांच्या पाठिंब्याला पात्र आहे ती त्याच शाळेत मूल असलेली, स्थलांतरित कुटुंबातील आई. यावर आक्षेप घेतले जातात आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप असा की, स्थलांतरित आज आहे, उद्या नाही. बांधकाम संपले की कुटुंब हलते. दुसरा, ठराववही कन्नडमध्ये असते आणि ओडिशाची वा बंगालची बाई ती वाचणार कशी? पहिल्याचे उत्तर असे की, पहारेकरी आणि घरकामवाल्या बायका बांधकाम मजुरांइतक्या वेगाने हलत नाहीत. आणि शिवाय शाळेची सर्वांत मोठी अडचण जर ये-जा करणाऱ्या मुलांची असेल, तर त्या अडचणीचा अनुभव असलेला सदस्य समितीत हवाच. दाखला मिळाला नाही म्हणून वा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, या तरतुदी कोणाच्या कामाच्या आहेत? ज्यांनी दाखल्यासाठी रायचूरच्या दोन खेपा मारल्या आहेत, त्यांच्या.

भाषेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मराठी वाचकाला तो परका वाटू नये. कन्नड शिकण्याची सक्ती असावी की नसावी, हा वाद निराळा. शाळेचा कारभार कन्नडमध्ये चालणार हे गृहीत धरूनच उमेदवार पाहावा लागेल. उत्तर कर्नाटकातून आलेली आई या बाबतीत दुवा ठरू शकते. कन्नड तिची, स्थलांतराचे हालही तिचे. २०१९-२० मध्ये कुमारस्वामी सरकारने एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, त्यावर साहित्यिकांनी टीका केली आणि गरीब पालकांनी रांगा लावल्या. असे वर्ग मागायचे की नाही, मागितले तर शिक्षक कोठून येणार, हे ठरविताना केवळ भाषाभिमानी आवाज पुरेसा नाही आणि केवळ इंग्रजीचा हव्यासही नाही. दोन्ही बाजू भोगलेल्या माणसाचे मत तेथे लागते.

स्त्रीच का, हा प्रश्न आता विचारला जाऊ नये. पण विचारला जातो. लंडनच्या स्कूल बोर्डाची पहिली निवडणूक १८७० मध्ये झाली. ब्रिटिश स्त्रियांना संसदेसाठी मत मिळण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी झालेल्या त्या निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. शाळेच्या दारातून स्त्री सार्वजनिक कारभारात शिरते, हा इतिहास कर्नाटकातील निम्म्या जागांच्या तरतुदीपेक्षा बराच जुना आहे. येथे धोका वेगळा असतो. निवडून बाई यायची आणि सही नवऱ्याने करायची, हा पंचायतींतला प्रकार शाळेतही घडू शकतो. मुख्याध्यापक वही घेऊन घरी येतात की बैठक शाळेत भरते, यावरून तो ओळखता येतो.

या समितीचे महत्त्व वाढण्याला आणखी एक कारण आहे. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. बंगळुरू महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे निवडणूक झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. या काळात पहारेकऱ्याला गाऱ्हाणे घेऊन जाण्यासाठी नगरसेवकच नव्हता. त्याच्या हाती उरलेले एकमेव निर्वाचित व्यासपीठ म्हणजे शाळेची समिती.

दिल्लीतील वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तेथील सरकारी शाळांत २०१५ मध्ये व्यवस्थापन समित्यांच्या निवडणुका गाजावाजा करून घेण्यात आल्या आणि सोळापैकी बारा जागा पालकांना मिळाल्या. त्या प्रयोगाचे श्रेय कोणाला, हा राजकीय वाद चालत राहील. परंतु निवडणुकीची तारीख पालकांना आधी कळली पाहिजे, ही साधी गोष्ट त्यातून सिद्ध झाली.

एचएसआर लेआउटचे रहिवासी कचरा प्रकल्पाच्या दुर्गंधीविरुद्ध वर्षानुवर्षे लढले आहेत, निवेदने कशी लिहावीत हे त्यांना चांगले ठाऊक आहे. त्यांची मुले सरकारी शाळेत नसल्याने या निवडणुकीत त्यांना मत नाही आणि ते नसणेच योग्य. पण बैठक भरते कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी. त्या वेळी उमेदवार कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असते आणि तिचे मतदार कोणाच्या तरी फाटकावर. अर्ध्या दिवसाची पगारी रजा ही त्या फाटकाच्या आतल्यांना देता येण्याजोगी गोष्ट आहे.