दमा, प्राणायाम आणि खिशातला पंप

ल कार्बुझिए यांनी चंदीगडचा आराखडा मानवी देहाच्या कल्पनेवर बेतला. कॅपिटॉल संकुल हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय आणि लेझर व्हॅलीची हिरवाई ही फुप्फुसे. अशा नगरीत दम्याचा उपद्रव कमी असेल, या समजुतीने बदलीवर येणाऱ्या कुटुंबांचा पहिल्या वर्षातच भ्रमनिरास होतो. एप्रिलमध्ये आसपासच्या शेतांत गव्हाची मळणी सुरू झाली की भुसा हवेत मिसळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताचे खुंट जाळल्याचा धूर येतो आणि थंड, स्थिर हवेत जमिनीलगत रेंगाळतो. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवतही येथे मराठी माणसाची पाठ सोडत नाही!

याच नगरीने २१ जून २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा राष्ट्रीय सोहळा कॅपिटॉल संकुलाच्या प्रांगणात अनुभवला. सेक्टर २३ मध्ये शासकीय योग महाविद्यालय आहे आणि पहाटेच्या वेळी उद्यानांतून प्राणायामाचे वर्ग भरतात. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. चिंता वाटते ती या वर्गांतून सहजपणे दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्याची : "प्राणायाम सुरू केलात ना, आता पंप बंद करा." सल्ला देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, परिणाम मात्र मध्यरात्री रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात भोगावा लागतो.

प्रश्न थोड्या लोकांचा नाही. चंदीगडच्याच पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'पीजीआय'मधील, डॉ. एस. के. जिंदल यांच्या नेतृत्वाखाली देशातील १२ केंद्रांत पंधरा वर्षांवरील १,६९,५७५ व्यक्तींची पाहणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दम्याचे प्रमाण २.०५ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे १ कोटी ७२ लाख रुग्ण, असे आढळले. टक्केवारी लहान भासते, परंतु मोठ्या मुद्दलावर लहान दराने किती रक्कम उभी राहते, हे बँकेच्या वाचकांस सांगावयास नको.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तरास सूज असते, चिकट स्राव साठतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. त्यामुळे विशेष अडचण येते ती श्वास सोडताना. हवा आत अडकते, भीतीने श्वास जलद होतो आणि जलद श्वासाने नलिका अधिकच कोरड्या व चिडखोर होतात. प्राणायामाचे साहाय्य होते ते या साखळीत. नाकाने घेतलेली हवा उबदार व आर्द्र होऊन आत जाते. घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ दिल्याने अडकलेली हवा बाहेर पडण्यास अवधी मिळतो, आणि संथ लयीने मनाची घालमेल शमते. भ्रामरी किंवा कुंभकाविना केलेला अनुलोम-विलोम हे प्रकार या दृष्टीने सौम्य होत. मूळची सूज उतरविण्याचे काम मात्र त्यांच्या आवाक्यातील नाही. ते नियमित घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधाचे आहे.

या विषयाचा शास्त्रीय शोध घेण्याची परंपरा मराठी मुलखास परकी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' नियतकालिकातून योगक्रियांचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष मांडले. पुढे बंगळूरच्या डॉ. नागरत्ना व डॉ. नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांना योगाचे शिक्षण दिले आणि तितक्याच अन्य रुग्णांशी त्यांची तुलना केली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८५ साली आलेल्या त्या अभ्यासात योग करणाऱ्यांना झटके कमी आले, औषधेही कमी लागली. २०१६ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने १५ चाचण्यांतील १,०४८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. योगाने जीवनमान व लक्षणे यांत बहुधा अल्प सुधारणा होते, इतकाच तिचा सावध निष्कर्ष होता. अल्प लाभही लाभच असतो. त्याच्या बळावर औषध सोडावे, असे मात्र त्यातून कोठेही निघत नाही.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी तर हठयोगप्रदीपिकाच उघडून पाहावी. सिंह, हत्ती वा वाघ जसा हळूहळू वश करावा, तसाच प्राणही क्रमाक्रमाने वश करावा, असे तो ग्रंथ सांगतो. आणि चुकीच्या अभ्यासाने होणाऱ्या विकारांत उचकी व खोकला यांच्या जोडीने श्वासाचा, म्हणजे दम्याचाच, उल्लेख करतो. शतकांपूर्वी दिलेला हा इशारा ध्वनिक्षेपकावरून भराभर कपालभाती आणि भस्त्रिका करवून घेणाऱ्या वर्गांत क्वचितच ऐकू येतो. दमेकऱ्याने हे वेगवान प्रकार आणि श्वास दीर्घकाळ रोखून धरणे वैद्यकीय अनुमतीविना करू नये. छातीत घरघर सुरू झालेली असताना तर प्राणायामाची वेळच नव्हे. ती पंपाची वेळ आहे.

पंपाविषयीची भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. 'एकदा लागला की सुटत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि विवाहयोग्य मुलीचा पंप तर पाहुण्यांसमोर कपाटात लपविला जातो. वस्तुतः साल्ब्युटामॉलच्या गोळीतून २ ते ४ मिलिग्रॅम औषध साऱ्या शरीरात फिरते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात ते केवळ १०० मायक्रोग्रॅम असते आणि थेट श्वासनलिकेत पोहोचते. गोळी निमूट गिळणारा समाज तिच्या वीस-चाळीसपट कमी मात्रेस व्यसन म्हणतो, हा हिशेब कोणत्याही खातेवहीत जुळणार नाही. उलट, तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावरच विसंबून प्रतिबंधक औषध टाळणे हेच घातक आहे. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेनेही २०१९ पासून केवळ असा आराम देणारे औषध वापरण्याची पद्धत मोडीत काढली आहे.

प्राणायामाने औषधाची गरज कमी झाल्यासारखे वाटले, तर ते मोजता येते. 'पीक फ्लो मीटर' नावाचे लहानसे साधन औषधांच्या दुकानात मिळते. त्यात जोराने फुंकले की श्वास सोडण्याचा वेग आकड्यात दिसतो. सकाळ-संध्याकाळची ही नोंद पासबुकाप्रमाणे दोन-तीन महिने ठेवावी आणि ती पाहून मात्रा घटविण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. योगशिक्षकांनीही नवा साधक आला की आसन घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : दमा आहे काय, आणि पंप जवळ आहे काय? धुराच्या दिवसांत उद्यानातील वर्गास रजा देऊन तीच साधना घरात, खिडक्या लावून करण्यास सांगावे. नोव्हेंबरच्या धुरकट पहाटे सुखना तलावाकाठी दीर्घ श्वास घेण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा.