आधी पाट, मग रांगोळी

"मागच्या वर्षीचंच पोस्टर आहे रे, फक्त तारीख बदल आणि तो मोर जरा डावीकडे सरकव."

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलच्या ज्या खोलीत 'याला फोटोशॉप येतं' अशी ख्याती असलेला प्राणी राहतो, त्या खोलीच्या दारात हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणारा सीनियर असो, ज्युनिअर असो नाहीतर खुद्द सर, त्यात 'फक्त' हा शब्द असतोच. आणि सोबत मिळणारी फाईल असते जेपीजी. तीही चार मोबाईल फिरून, प्रत्येक वेळी थोडी थोडी झिजून आलेली.

माझं म्हणणं सरळ आहे. मोर सरकणार की नाही हे तो सरकवायच्या दिवशी ठरत नाही, काढायच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. आपल्याकडे काढणारा नेमका हाच विचार करत नाही, कारण पोस्टर छापून भिंतीवर लागलं की त्याच्यापुरता विषय संपला. निस्तरायचं पुढच्या बॅचने. दर वर्षी तोच मोर, तोच लोगो, तीच नक्षी पहिल्यापासून काढत बसायची, परीक्षा तोंडावर असताना! हा कलेचा प्रश्न नाही, कामाच्या शिस्तीचा आहे. म्हणून इंजिनिअरिंगच्या मासिकात त्यावर लिहायला हरकत नसावी.

मुळात गोंधळ होतो तो वर्डमुळे. वर्डमध्ये किंवा प्रेझेंटेशनमध्ये आपण गोल काढतो, त्यावर क्लिक करतो, ओढतो आणि गोल मुकाट्याने मागे येतो. त्यामुळे समज होतो की कॉम्प्युटरला गोल 'कळतो'. तिथे तो खरंच कळतो, कारण त्या फाईलमध्ये 'इथे एवढा गोल आहे' अशी नोंद असते. फोटोशॉप, गिम्प या मंडळींचं तसं नाही. ब्रशने गोल काढलात आणि माऊसचं बटण सोडलंत की गोल संपला. उरले ते रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. त्यातला कुठला ठिपका गोलाचा आणि कुठला मागच्या आभाळाचा, याची नोंद कुठेही नाही.

थोडक्यात, ती रांगोळी आहे. अंगणात रांगोळी काढून झाल्यावर आजी म्हणाली की कमळ वीतभर तुळशीकडे घे, तर काय कराल? कमळ उचलता येत नाही. पुसायचं आणि नव्याने काढायचं. शिवाय पुसलेल्या जागी खालचा सडा खराब झालेला, तो वेगळा. पण तेच कमळ पाटावर काढलं असतं तर? पाट उचला, हवा तिथे ठेवा. खालच्या अंगणाला धक्का नाही.

लेयर म्हणजे हा पाट. फरक इतकाच की तो पारदर्शक आहे. जिथे रांगोळी नाही तिथून खालचं अंगण दिसतं.

ही कल्पना कॉम्प्युटरने आणलेली नाही, आणि आपल्याला परकी तर मुळीच नाही. फर्स्ट इयरला ड्रॉईंग शीटच्या सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं? खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट. जीटी! (मी मारली की नाही हा प्रश्न इथे गैरलागू आहे.) एकावर एक ठेवलेले दोन स्वतंत्र कागद, वरचा सरकवला तरी खालचा जागेवर. कार्टूनवाल्यांनी हेच सेल्युलॉईडवर केलं. अमेरिकेत अर्ल हर्डने १९१४-१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं: मागचं दृश्य एकदाच रंगवायचं आणि हलणारं पात्र वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर काढायचं. घर, झाड, डोंगर प्रत्येक चित्रात पुन्हा काढायचे कष्ट वाचले.

फोटोशॉपमध्ये मात्र लेयर पहिल्यापासून नव्हते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. पहिली आवृत्ती १९९० ची, लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एखादा तुकडा पेस्ट केला की सिलेक्शन आहे तोवरच तो तरंगायचा. सिलेक्शन सोडलं की चिकटला, कायमचा. आज आपल्या हातात लेयरची सोय फुकटात आहे (गिम्पला तर एक पैसाही लागत नाही) आणि तरीही आपण सगळं एकाच बॅकग्राऊंडवर रंगवतो, म्हणजे स्वखुशीने १९९० मध्ये राहतो.

"पण सिलेक्ट करून सरकवता येतंच की!" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला गणितानेच उत्तर देतो. तेवढं आपल्याला येतं.

बॅकग्राऊंडवरचा मोर सिलेक्ट करून ओढला की मागे मोराच्याच आकाराचं भोक पडतं. मोराखाली आभाळ कसं होतं ते फाईलला माहीतच नाही. हे झालं ढोबळ नुकसान. खरी गंमत कडेला असते. कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर तिथले पिक्सेल अर्धेमुर्धे रंगवतं. त्याचा हिशोब असा:

दिसणारा रंग = अ × वरचा रंग + (१ − अ) × खालचा रंग

यात 'अ' म्हणजे वरचा थर त्या पिक्सेलवर किती झाकतो ते प्रमाण, ० ते १ मधलं. पोर्टर आणि डफ या दोघांनी १९८४ मध्ये हा सगळा हिशोब नीट मांडला आणि आजही थर एकावर एक बसवायचं काम मुख्यतः त्यावरच चालतं. लेयर वेगळे असताना 'अ', वरचा रंग आणि खालचा रंग, तिन्ही फाईलमध्ये असतात. 'फ्लॅटन' केलं की उरतो फक्त डावीकडचा आकडा. आता उलट जायचं म्हणाल, तर लाल, हिरवा, निळा मिळून समीकरणं तीन. अज्ञात किती? वरचे तीन रंग, खालचे तीन आणि एक 'अ', म्हणजे सात. तीन समीकरणांत सात अज्ञात सोडवून दाखवा, मी आयुष्यभर तुमची पोस्टर्स फुकट करीन. सिनेमावाले नटाच्या मागे हिरवा पडदा लावतात तो याचसाठी. खालचा रंग आधीच ठाऊक असला की तीन अज्ञात कमी होतात. तरीही चार उरतातच!

कापून सरकवलेल्या मोराभोवती जुन्या आभाळाची फिकट किनार दिसते ना, ती हे न सुटलेलं समीकरण आहे. मॅजिक वाँडला शिव्या देऊन उपयोग नाही.

याउलट स्वतःच्या लेयरवरचा मोर शंभर वेळा सरकवा, एकाही ठिपक्याचं नुकसान नाही, कारण पूर्ण पिक्सेलांनी सरकवणं म्हणजे नुसते पत्ते बदलणं. फिरवणं आणि लहान-मोठं करणं मात्र वेगळं. १७ अंशात फिरवलं की प्रत्येक ठिपक्याचा रंग शेजाऱ्यांवरून नव्याने मोजला जातो आणि चित्र किंचित धूसर होतं. पाच वेळा थोडं थोडं फिरवून बघाल तर पाच वेळा धूसर. एकदाच काय ते ठरवून फिरवा, किंवा मूळ लेयरची एक कॉपी डोळा बंद करून खाली ठेवून द्या. फोटोशॉपमध्ये २००५ पासून स्मार्ट ऑब्जेक्टची सोय आहे, ती याच दुखण्यावर.

आता हेही कबूल केलं पाहिजे की लेयर वापरणाऱ्यांचाही छळ होतो, आणि त्यात थोडा दोष सॉफ्टवेअरचा आहे. गिम्पमध्ये मूव्ह टूल घेऊन बारीक रेघ ओढायला जावं, तर मागचं अख्खं आभाळ सरकतं. नवखा माणूस इथेच गिम्प बंद करतो. कारण साधं आहे: त्या टूलचा नेहमीचा पर्याय 'कर्सरखाली जो लेयर सापडेल तो उचल' असा असतो. रेघ असते दोन पिक्सेलची, टोक बसतं शेजारच्या रिकाम्या जागेवर, तिथे खाली आभाळ. टूलच्या पर्यायांत जाऊन 'निवडलेला लेयरच हलव' हे करा, किंवा तेवढ्यापुरतं शिफ्ट दाबून धरा. फोटोशॉपमध्ये हाच घोळ 'ऑटो-सिलेक्ट'च्या खुणेमुळे होतो. आणि बॅकग्राऊंडची जागा लॉक करून टाका ना! कुलूप दिलंय ते कशासाठी?

दुसरा छळ, गिम्पमध्ये लेयरला स्वतःची हद्द असते. पाटाच्या बाहेर रांगोळी पडत नाही. ब्रश फिरतोय, रंग उमटत नाही, आणि बिचारा कॉम्प्युटर रीस्टार्ट करत बसतो. पिवळी-काळी तुटक रेघ दिसते ती हद्द. लेयर चित्राएवढा करून घेतला की झालं. २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये रंगवता रंगवता लेयर आपोआप वाढवायचा पर्यायही आलाय.

मेमरीची तक्रार जुनी, पण खोटी नाही. ए-थ्री कागद ३०० डीपीआयने म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल, साधारण १ कोटी ७४ लाख. पिक्सेलला चार बाईट धरले तर एक पूर्ण लेयर सुमारे ७० एमबी. असे वीस लेयर घेतले तर खोलीतला जुना लॅपटॉप पंख्याच्या आवाजाने रूममेटला उठवणार. म्हणून प्रत्येक रेघेला वेगळा पाट मांडा असं मी म्हणत नाही. माझा नियम असा की ज्या गोष्टीबद्दल कोणीतरी 'जरा सरकव' म्हणू शकेल, तिला लेयर. मोर, तारीख, लोगो, प्रायोजकांची पट्टी (ती तर शेवटच्या रात्रीपर्यंत सरकत असते). मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्यांना नको. आणि लेयरला नाव द्या. 'लेयर १४ कॉपी २' हे नाव नव्हे, कैद्याचा नंबर आहे.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, इंकस्केप किंवा कोरल ड्रॉ घ्या, तिथे प्रत्येक आकार कायम सुटाच असतो. अगदी मान्य. लोगो, अक्षरं, ब्लॉक डायग्राम यांची जागा तिथेच आहे, आणि गावातल्या फ्लेक्सवाल्याकडेही बहुधा कोरलच असतं. पण हाताने रंगवलेलं चित्र, स्कॅन केलेलं रेखाटन, फोटोवर केलेलं काम तिथे होत नाही. ते पिक्सेलांतच होणार.

नव्या जमान्याचा युक्तिवाद असा की आता हे सगळं एआय करून देतं. खरं आहे, मागची जागा भरून देणारी सोय फोटोशॉपमध्ये २०१० पासून आहे, २०२३ पासून तर वर्णन लिहिलं की नवं चित्रच तयार होऊन येतं. मोरामागे आभाळच असेल तर खुशाल वापरा. पण ते आभाळ मूळचं नसतं, अंदाजाने रचलेलं असतं. प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या सर्किटवरचा एक ब्लॉक सरकवला आणि त्याखालची वायर सॉफ्टवेअरने अंदाजाने जोडून दिली, तर व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर तो अंदाज तुमच्या नावावर जमा होणार आहे.

मराठी अक्षरांची वेगळी रड आहे. मजकूर लेयर म्हणून ठेवला तरी जुन्या कीबोर्डच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल आणि पुढच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर 'वार्षिक स्नेहसंमेलन'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मग घाबरून लोक अक्षरांचं चित्र करून टाकतात, आणि पुढच्या वर्षी तारीख बदलता येत नाही. युनिकोडमध्ये टाईप करा. मुक्ता, बालू असे मोफत देवनागरी फॉन्ट आहेत, दिसायलाही छान आहेत. फॉन्टची फाईल सोबत ठेवा.

सर आणि मॅडम मंडळींना एक विनंती. प्रोजेक्टची सीडी किंवा पेन ड्राईव्ह जमा करून घेताना प्रोग्रॅमचा सोर्स कोड मागता, नुसती चालणारी फाईल घेत नाही. चित्रांच्या बाबतीतही तेच करा. पीएसडी, एक्ससीएफ किंवा एसव्हीजी असल्याशिवाय पोस्टरचं, बॅनरचं, मुखपृष्ठाचं काम पूर्ण झालं असं धरू नका आणि बिलावर सही करू नका. ठेवायला लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवर एक फोल्डर पुरेल, दर वर्षाचं एक.

या अंकाचं मुखपृष्ठ त्या फोल्डरसाठी मी संपादक मंडळाकडे दिलंय. अकरा लेयर आहेत, सगळ्यांना मराठीत नावं आहेत, बॅकग्राऊंडला कुलूप आहे आणि फाईलच्या नावात 'फायनल' हा शब्द एकदाही नाही. मोर नाहीये त्यात, घुबड आहे. डावीकडे सरकवायचं असेल तर खुशाल सरकवा.